कुमुदताईंचे अकरा सेकंद

फोन वाजला तेव्हा मी फ्रीमाँटच्या इंडियन ग्रोसरीत मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. शनिवारची सकाळ होती. स्क्रीनवर कुमुदताईंचं नाव दिसलं आणि मी दोन-तीन रिंग तशाच जाऊ दिल्या. आदल्या दोन दिवसांपासून मी त्यांना टाळत होते... का, ते पुढे सांगते. शेवटी उचलला, तर आवाज त्यांच्या यजमानांचा, दिलीपकाकांचा. "प्रज्ञा, कुमुद राहिली नाही," ते म्हणाले. "सकाळी गॅरेजमध्ये पडली. ॲम्ब्युलन्स आली लगेच, पण..." आणि मी म्हटलं, "पण सोमवारी मीटिंग आहे." एवढं जवळचं माणूस गेल्याचं ऐकून माझ्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं. काका रागावले नाहीत. जणू मी अगदी योग्य तेच विचारलं अशा सुरात म्हणाले, "हो ना. तिनं त्यासाठी ड्रेसपण इस्त्री करून ठेवलाय."

मी मेथीच्या सगळ्या जुड्या एकेक करून परत नीट रचल्या, बास्केट जागेवर ठेवली आणि गाडीत जाऊन बसले. त्यांच्या घरी तीन वर्षांत किती वेळा गेले असेन याची गणती नाही, तरी त्या दिवशी हायवेवरून उतरायचं एक्झिट चुकले, पुढच्या एक्झिटवरून वळले आणि परत चुकले. ताई एकसष्ट वर्षांच्या होत्या. रोज चार मैल चालायच्या. त्यांच्यासोबत टेकडी चढताना मला धाप लागली की मागे वळून माझ्या गावावरून चिडवायच्या, "काय गं, रिसोडला सगळं सपाट आहे का?" मेंदूतली रक्तवाहिनी फुटली असं डॉक्टरांनी सांगितलं. रविवारी त्यांच्याकडे बुद्धवंदना होती, म्हणून त्या गॅरेजमधून फोल्डिंगच्या खुर्च्या बाहेर काढत होत्या. सहा काढून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लोक भेटायला आले ते त्याच खुर्च्यांवर बसले. आज सहा आठवडे झाले, आणि त्या खुर्च्या आठवल्या की मला अजूनही नुसतं थिजून जायला होतं. रडू येत नाही. सगळे म्हणतात येईल.

कुमुदताई कोण होत्या हे सांगायला हवं, कारण त्यांचं नाव तुम्ही कुठे वाचलं नसेल. सांता क्लारात चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या चकचकीत इमारतींच्या मागच्या बाजूला, बाहेरून गोडाऊनसारखी दिसणारी एक छोटी लॅब आहे. तिथे जुने हॉलीवूडचे चित्रपट दुरुस्त होतात. फाटलेली, आक्रसलेली, रंग उडालेली रिळं येतात. ती साफ करून, सांधून, स्कॅन करून पुन्हा दाखवण्याजोगी करतात. कुमुदताई तिथे जवळपास तीस वर्षं होत्या. काकांच्या नोकरीसाठी नागपूरहून इकडे आल्या, कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे फिल्मचे वर्ग केले, आणि या लॅबमध्ये रिळं गुंडाळायच्या कामावर लागल्या. मी आले तोवर तिथला कुणीही माणूस त्यांना विचारल्याशिवाय कात्री उचलत नव्हता. पांढरे सुती हातमोजे घालून, खालून उजेड असलेल्या टेबलावर फिल्म पसरून, डोळ्याला भिंग लावून त्या एकेक फ्रेम बघायच्या. बाकीचे सगळे स्क्रीनवर बघायचे.

माझी त्यांची भेट आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात झाली. कम्युनिटी हॉलमधला माईक सारखी शिट्टी मारत होता आणि स्टेजजवळ एक बाई, निळी साडी, पायात स्पोर्ट्स शूज, साउंडच्या टेबलावर बसलेल्या मुलाला झापत होत्या. मी न राहवून पुढे गेले आणि स्पीकर भिंतीकडे थोडा फिरवला. शिट्टी थांबली. बाईंनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं.

"कुठली गं तू?"

"रिसोड. वाशीम जिल्हा."

"काय करून राहिली इकडं?"

"सिग्नल प्रोसेसिंगमध्ये मास्टर्स केलं."

"मास्टर्स केलं अन् स्पीकर फिरवून राहिली! बरं आहे. जॉब?"

"नाही अजून."

"जेवली?"

"नाही."

"मग आधी जेव. जॉबचं मग पाहू."

हे त्या मनापासून म्हणाल्या होत्या हे मला दोन आठवड्यांनी कळलं, जेव्हा त्या मला गाडीत घालून लॅबमध्ये घेऊन गेल्या. माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आई अंगणवाडीत मदतनीस. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून पदवीपर्यंत पोचलेली घरातली मी पहिली. अमेरिकेत येऊन पदवी हातात आली आणि काम काही मिळेना, तेव्हा आईला फोनवर काय सांगायचं याच्या गोष्टी मी आदल्या दिवशीच रचून ठेवत असे. त्या गोष्टी रचणं कुमुदताईंमुळे थांबलं. त्यांना मी ताई म्हणायचे आणि त्यांच्या यजमानांना, केस पांढरे म्हणून, काका. त्यावर त्या वर्षभर मला छळत होत्या. "मला ताई, याला काका. म्हणजे मी याची पुतणी झाली का गं?" काका म्हणायचे, "वागतेस तशीच."

मी जुना हॉलीवूडचा सिनेमा कधी पाहिला नव्हता. पहिल्या आठवड्यात ताईंनी मला एक दाखवला. मूळ रंगमंचावर गाजलेलं संगीत नाटक, मग स्टुडिओने त्याचा सिनेमा केलेला. लॅबमध्ये शिकायला येणारी अमेरिकन मुलं अशा सिनेमांना हसतात; बोलता बोलता माणसं एकदम गायला का लागतात, हे त्यांना कळत नाही. मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. गाणी असतातच की. ताई खूश झाल्या. लॅबचे मालक डेव्ह यांना म्हणाल्या, "सी? शी इज नॉट लाफिंग. कीप हर."

पुढे मला कळत गेलं की ताईंना खरा रस त्या सिनेमांच्या गोष्टींमध्ये किंवा नटनट्यांमध्ये नव्हता. नाटक पडद्यावर नेताना काय उचलतात आणि काय टाकून देतात, हे त्यांना बघायचं असायचं. रंगमंचावर बाई शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून गाते. कॅमेरा तर तिच्या नाकासमोर उभा असतो, मग तिने तो आवाज कुठे ठेवायचा? नाटकात एकच खोली असते, सिनेमात रस्ते, गाड्या, नदी सगळं येतं, मग गाण्याला ती खोली परत कशी मिळवून द्यायची? आणि सगळ्यात मोठा प्रश्न टाळ्यांचा. नाटकात गाणं संपलं की नट तसाच उभा राहतो, टाळ्या होतात, मग पुढचं वाक्य. सिनेमात टाळ्या कुणासाठी थांबायचं? म्हणून सिनेमावाले गाणं संपायच्या आत दृश्य बदलतात. "घाबरतात," ताई म्हणायच्या. "कोणी वाजवल्या नाही तर काय, म्हणून आधीच पळून जातात."

हे त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं. त्यांचे वडील नागपूरच्या गिरणीत कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी आंबेडकरी जलशात गायचे. लहानपणी त्या वडिलांबरोबर वस्त्यावस्त्यांतून फिरल्या होत्या. कंदिलाच्या उजेडात वडील एक ओळ म्हणून थांबायचे, डफ वाजवणारा थांबायचा, आणि समोर बसलेली दिवसभराची थकलेली माणसं त्या ओळीला उत्तर देईपर्यंत कुणी हलायचं नाही. "तेव्हा मी बापाच्या तोंडाकडं पाहत बसायची," त्यांनी एकदा डबा खाताना सांगितलं. "गाताना तो गाणारा असायचा. थांबल्यावर मात्र... कसं सांगू, थांबल्यावर तो त्या लोकांचा असायचा."

मागच्या वर्षी लॅबमध्ये एक सिनेमा आला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, काम अजून चालू आहे. आम्ही सगळे त्याला 'लाँड्री' म्हणायचो. बंदरावरच्या एका धोबीघरात काम करणाऱ्या बायकांचं संगीत नाटक, त्यावरून स्टुडिओने केलेला रंगीत सिनेमा. नाटक ज्याने बसवलं त्यालाच सिनेमा करायला दिला होता आणि नायिकाही नाटकातलीच ठेवली होती, जे त्या काळी क्वचित व्हायचं. मूळ निगेटिव्ह स्टुडिओकडे होती. पण कुठल्याशा बंद पडलेल्या थिएटरमध्ये सापडलेली एक जुनी प्रिंटही आमच्याकडे आली आणि ती निगेटिव्हपेक्षा थोडी लांब निघाली. शेवटच्या गाण्यानंतर नायिका ओल्या चादरींच्या मधोमध हात उंच धरून उभी राहते. निगेटिव्हमध्ये तिथे लगेच कट आहे. प्रिंटमध्ये ती अकरा सेकंद तशीच उभी आहे. बोलत नाही, हलत नाही, मागे संगीत नाही. ताईंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हा नाही पळाला."

प्रश्न असा होता की हे अकरा सेकंद खरे की नंतर कुणी घुसडलेले. ताईंचं म्हणणं, दिग्दर्शकाने ते मुद्दाम ठेवले होते आणि स्टुडिओने नंतर लांबी कमी करायला कापले. त्या नाटकाची रंगमंच व्यवस्थापकाची जुनी प्रतही त्यांनी मिळवली होती. त्यात त्या जागी पेन्सिलीने 'थांब' अशी खूण होती. सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ती मंडळी म्हणत होती, नाटकाचं नाटकात, सिनेमाचं सिनेमात. प्रिंटमधला तुकडा बहुधा एकच चित्र पुन्हा पुन्हा छापून लांबवलेला आहे, कुठल्यातरी थिएटरवाल्याने फाटलेला भाग भरायला केलेला उद्योग. तसं असेल तर तो तुकडा टाकून द्यायचा. खरं असेल तर ठेवायचा. ते तपासायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यात मी चूक केली.

चूक समजायला सोपी आहे. फिल्मच्या प्रत्येक फ्रेमवर बारीक दाणे असतात, वाळूसारखे. माणूस कितीही स्थिर उभा राहिला तरी दर फ्रेमला दाणे वेगळे. तेच चित्र पुन्हा छापलं असेल तर दाणेही पुष्कळसे तेच येतात. म्हणून आधी फ्रेम्सची तुलना करायची आणि मग दाणे, धूळ साफ करायची. मी उलट केलं. डेव्हना रिपोर्ट घाईने हवा होता, साफ केलेली फाईल माझ्याकडे तयार होती, मी तिच्यावरच माझा प्रोग्रॅम चालवला. दाणे पुसून टाकल्यावर स्थिर उभी असलेली बाई आणि थिजवलेलं चित्र यांत प्रोग्रॅमला काही फरकच उरला नाही. मी रिपोर्ट लिहिला, 'एकच फ्रेम पुन्हा छापलेली, मूळ चित्रीकरण नाही', खाली माझं नाव टाकलं आणि बुधवारी संध्याकाळी पाठवून दिला. मनात म्हटलंसुद्धा, ताईंना वाईट वाटेल, पण सायन्स ते सायन्स.

गुरुवारी सकाळी त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं.

"प्रज्ञे, हा रिपोर्ट तू पाठवला?"

"हो ताई, काल."

"मला न दाखवता?"

"तुम्ही डेंटिस्टकडे गेला होतात. अन् डेव्ह म्हणाले, आजच पाहिजे."

"डेव्ह तर म्हणतेच. ये इकडं. भिंग घे."

मी मूळ प्रिंटवर भिंग लावलं. "कुठं पाहू?"

"तिच्याकडं नको पाहू, सगळं जग तिच्याकडंच पाहते. मागं पाहा. डाव्या हाताची चादर, खालचा कोपरा."

चादरीच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब होता. त्यांनी फिल्म हळूहळू पुढे सरकवली. थेंब मोठा होत गेला, लांबट झाला आणि सुटला. तीन फ्रेम्समध्ये तो हवेत होता, चौथीत नव्हता. मी माझी साफ केलेली फाईल उघडून तीच जागा पाहिली. तिथे थेंब नव्हताच. सफाईच्या प्रोग्रॅमने तो धुळीचा कण समजून पुसून टाकला होता.

त्याच आठवड्यात माझ्या व्हिसाचं पत्र डेव्हच्या टेबलावर सहीसाठी होतं. एका बाईने कामावर नीट लक्ष दिलं नाही म्हणून तिला परत पाठवल्याची गोष्ट मी ऐकली होती, खरी-खोटी माहीत नाही. मी म्हटलं, "ताई, डेव्हना नका सांगू. निदान सही होईपर्यंत."

त्यांनी फिल्म परत रिळावर गुंडाळली. मग म्हणाल्या, "मी नाही सांगत. तू सांगशील. सोमवारी ते लोक मीटिंगला आहेतच, तिथंच सांग. मी बाजूला बसते."

"सोमवारी? सगळ्यांसमोर?"

"चूक सगळ्यांकडं गेली ना? मग दुरुस्ती पण सगळ्यांकडं जाईल."

आणि मी, जिला या बाईंनी हाताला धरून तिथे आणलं होतं, मी म्हणाले, "तुम्हाला काय जातं बोलायला! तुमच्या हातात इथला पासपोर्ट आहे."

त्यांनी हातमोजे काढले. एकेक बोट सोडवत, नेहमी काढायच्या तसेच. "हो, आहे," त्या म्हणाल्या. "जा, डबा खाऊन घे. गार होऊन राहिला."

हे त्यांचं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य. शुक्रवारी मी बरं नाही म्हणून कामावर गेले नाही. दुपारी त्यांचा मेसेज आला, 'ताप आहे का? वरणभात आणू?' मी तो वाचला आणि उत्तर दिलं नाही.

रविवारी त्यांच्या घरी बसायला जागा नव्हती. सॅक्रामेंटोहून, सॅन होजेहून माणसं आली होती. त्रिसरण-पंचशील झालं. लोक हळू आवाजात बोलत होते आणि मधेच कुणीतरी म्हणायचं, "पण परवा तर बोललो आम्ही...", जणू त्या बोलण्याने काही सिद्ध होणार होतं. दिलीपकाका स्वयंपाकघरात चहाचे कागदी कप एकात एक घालत उभे होते. मी गेले तर म्हणाले, "उद्या जाशील ना मीटिंगला?"

मला वाटलं माझ्या शनिवारच्या वाक्याचा त्यांना राग आलाय. पण तसं नव्हतं.

"शुक्रवारी जेवताना सांगून राहिली होती," ते म्हणाले. "सोमवारी प्रज्ञा बोलणार, म्हणे, मी फक्त बसणार. मी म्हटलं, तू अन् गप बसणार? तर म्हणे, पाहशील... काय बोलणार आहेस गं?"

"फिल्मचं आहे, काका."

"बरं. नीट बोल." आणि ते पुन्हा कप रचू लागले.

त्यांना काहीच माहीत नव्हतं. ताईंनी माझी चूक घरीसुद्धा सांगितली नव्हती; मी बोलणार एवढंच सांगितलं होतं, आणि तेही शुक्रवारी. माझं ते पासपोर्टचं वाक्य ऐकून घेतल्यानंतर, मी मेसेजला उत्तर दिलं नव्हतं तेव्हा. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. पाणी वाहत होतं आणि मला फक्त एवढंच कळत होतं की आता ही गोष्ट जगात मला एकटीलाच माहीत आहे. कुणी विचारणार नव्हतं. संध्याकाळी डेव्हचा फोन आला तेव्हा तर ते अगदी सोपं झालं. डेव्ह रडत होते. पंचवीसएक वर्षं त्यांनी ताईंबरोबर काम केलं होतं. म्हणाले, मीटिंग पुढे ढकलायला पाहिलं, पण ते लोक म्हणतात दहाच मिनिटं. "तुझा रिपोर्ट आहेच. कुमू भांडली असती, पण आता... वी विल गो विथ युअर रिपोर्ट." मी "ओके" म्हटलं. हो, म्हटलं मी.

सोमवारी सकाळीदेखील मी काय करणार हे मला माहीत नव्हतं. कुणाला यात धैर्य वगैरे दिसू नये म्हणून हे लिहिते. मीटिंगच्या खोलीत डेव्ह आणि मी, आणि समोरच्या स्क्रीनवर हक्कवाल्या कंपनीचे दोघं, एक बाई आणि एक गृहस्थ. दोघांनी ताईंबद्दल चार चांगले शब्द सांगितले. डेव्हनी माझा रिपोर्ट उघडला. ताई बाजूला बसणार होत्या ती खुर्ची रिकामी होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते, आणि टाळता टाळता मला एकदम शुक्रवारचा मेसेज आठवला. वरणभात आणू?... मी इंग्रजीत म्हटलं, "हा रिपोर्ट चुकीचा आहे. चूक माझी आहे." पुढचं मी पाठ केलेलं नव्हतं, त्यामुळे व्याकरणही धड राहिलं नाही. दाणे, धूळ, उलटा क्रम, सगळं सांगितलं आणि मग न साफ केलेला स्कॅन लावला. थेंब मोठा झाला, सुटला. स्क्रीनवरच्या बाई म्हणाल्या, "परत दाखवाल?" तीनदा पाहिलं त्यांनी. गृहस्थांनी विचारलं, "हे तुम्हाला कधी सापडलं?"

"मला नाही सापडलं. कुमुद यांना सापडलं, गुरुवारी. त्यांनी मला सांगायला सांगितलं होतं. मी शुक्रवारी आले नाही."

मीटिंग संपल्यावर डेव्ह माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुरुवारपासून माहीत होतं तुला?"

"हो."

"आणि काल फोनवर तू ओके म्हणालीस."

"हो."

"तिने मला का नाही सांगितलं?"

"मी सांगावं म्हणून."

ते उठून बाहेर गेले. पार्किंगमध्ये आपल्या गाडीला टेकून उभे राहिलेले मला खिडकीतून दिसत होते.

अंत्यविधीला गुरुवारची वेळ मिळाली. इकडे सगळं वेळ घेऊन होतं. लाकडी पेटी, मंद दिवे, सूट घातलेला एक शांत माणूस. तो काकांना आणि मला आत घेऊन गेला आणि भट्टी सुरू करायचं भिंतीवरचं बटण दाखवलं. काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हे मीच दाबायचं का?" तेवढंच. चाळीस वर्षं चिप बनवणाऱ्या कारखान्यात बटणं दाबलेल्या त्या माणसाचा हात मला अजून दिसतो.

व्हिसाच्या पत्राचं काय झालं, असं मैत्रिणी विचारतात. डेव्हनी ते तीन आठवडे तसंच ठेवलं. मग सही केली आणि सोबत एक नियम केला. माझा कुठलाही रिपोर्ट दुसऱ्या माणसाने मूळ फिल्मशी ताडून पाहिल्याशिवाय बाहेर जाणार नाही. नियम बरोबर आहे. फक्त ताडून पाहणारं माणूस... असो. हक्कवाल्यांचं पत्र मागच्या आठवड्यात आलं. तो तुकडा मूळ चित्रीकरणाचाच, असं त्यांनी मान्य केलंय. अकरा सेकंद राहणार आहेत.

परवा दिलीपकाका लॅबमध्ये ताईंच्या वस्तू न्यायला आले. घरापासून पंधरा मिनिटांवर बायकोने तीस वर्षं काम केलं ती जागा ते पहिल्यांदाच बघत होते. स्वेटर, चहाचा डबा, गुळगुळीत झालेली एक उशी, एवढंच निघालं. भिंग त्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि परत टेबलावर ठेवलं. "इथंच राहू दे." मग म्हणाले, "ते तुमचं लाँड्री काय आहे, दाखव बरं. फार डोकं खाल्लं तिनं त्याच्यावरून." मी त्यांना मागच्या छोट्या खोलीत नेलं, जिथे आम्ही झालेलं काम मोठ्या पडद्यावर तपासतो. आठ खुर्च्या आहेत तिथे. काका पहिल्या रांगेत बसले, मांडीवर स्वेटर घेऊन. मी शेवटचं गाणं लावलं.

गाणं संपलं. नायिका चादरींमध्ये हात वर धरून उभी राहिली. आवाज थांबला.

"अडकलं का?" काका म्हणाले.

"नाही काका. ती थांबलीय."

"कशाला?"

"टाळ्यांसाठी."

काकांनी मागे वळून रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग वाजव ना," ते म्हणाले, जवळजवळ रागावून, आणि स्वेटर शेजारच्या खुर्चीवर ठेवून स्वतःच वाजवायला लागले. मीही वाजवल्या. त्या खोलीच्या भिंतींना जाड कापड आहे, टाळ्या घुमत नाहीत, हातापाशीच विरून जातात. पडद्यावर दार उघडून धोबीघराचा मालक आत आला, नायिकेने हात खाली घेतला, तो तिला काहीतरी बोलला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. काका अजून टाळ्या वाजवत होते.